जनरेटर गॅसवर करायचा का? आधी तास मोजा, मग किटचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर, सहा सिलिंडर, टर्बो, मेकॅनिकल पंप, सहा हजारांच्या आसपास तास झालेले. गल्लीपर्यंत पाइप गॅस आलाय. एक पार्टी म्हणते इंजिन पूर्ण गॅसवर करून देतो, दुसरी म्हणते डिझेल आणि गॅस दोन्हीवर चालणारं किट बसवा. शिवाय धाकट्या भावाचा डिझेल टेम्पो सीएनजीवर होईल का, हेही विचारलंय.

गेली पंचवीस वर्षं मी याच कामात आहे. तुम्ही इंजिनाची सगळी माहिती दिलीत, पण जिच्यावर निर्णय ठरतो तीच राहिली: जनरेटर वर्षाला किती तास चालतो, आणि चालतो तेव्हा त्याच्यावर लोड किती असतो? लाइट गेल्यावरच चालत असेल आणि वर्षाकाठी दीड-दोनशे तास भरत असतील, तर दोन्ही कोटेशन बाजूला ठेवा. वीज अपुरी पडते म्हणून रोज शिफ्टभर चालत असेल, तर पुढचं सगळं नीट वाचा.

हिशोब मांडून दाखवतो. १२५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला १०० किलोवॅट. पाऊण लोडला, म्हणजे ७५ किलोवॅटला, असं इंजिन तासाला साधारण २० लिटर डिझेल घेतं. दर तुमच्या बिलावरचे घाला. मी समजायला सोपे धरतो, डिझेल ९० रुपये लिटर आणि गॅस ६० रुपये घनमीटर. नुसत्या डिझेलवर तासाला १८०० रुपये. दुहेरी इंधनावर साठ टक्के डिझेल वाचलं असं धरलं तर ८ लिटर डिझेल आणि सुमारे १३ घनमीटर गॅस, म्हणजे ७२० आणि ७८०, मिळून १५००. तासाला ३०० रुपये वाचले. वर्षाला २०० तास चालवलात तर बचत ६० हजार, २००० तास चालवलात तर सहा लाख. किट, गॅस लाइन, मीटरचं डिपॉझिट आणि बसवणूक मिळून सात लाख गेले असं धरा. पहिल्या हिशोबात पैसे वसूल व्हायला अकरा वर्षांहून जास्त लागतील, दुसऱ्यात चौदा महिने.

आता पूर्ण गॅसचा आकडा बघा, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पूर्ण गॅसवर केलेलं इंजिन स्पार्क प्लगवर चालतं, त्याचा दाब, म्हणजे आत हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, कमी केलेला असतो, त्यामुळे इंधनातली ताकद ते डिझेलइतकी काढू शकत नाही. तेवढ्याच ७५ किलोवॅटसाठी त्याला तासाला २५ घनमीटरच्या आसपास गॅस लागेल. ६० रुपयांनी झाले १५००. म्हणजे या दरांना दोन्ही पद्धतींचा इंधनखर्च सारखाच, आणि पूर्ण गॅसला इंजिन उघडून केलेल्या कामाचा खर्च वरून. गॅस आणखी स्वस्त झाला तर पूर्ण गॅस पुढे जाईल, महागला तर मागे पडेल. ‘गॅस डिझेलपेक्षा स्वस्त’ एवढ्या एका वाक्यावर कोणी काम विकत असेल, तर त्याच्याकडून तासाला किती घनमीटर लागेल हे लेखी घ्या, आणि तेही किती किलोवॅटला, ते सोबत लिहून घ्या.

दोन पद्धतींत फरक कुठे पडतो, ते इंजिनाच्या आत बघू. डिझेल इंजिनात प्लग नसतो. हवा सतरा-अठरा पट दाबली की ती इतकी तापते की त्यात मारलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेलला आपोआप पेट घ्यायला सव्वादोनशे अंशांच्या आसपास पुरतात, पाइप गॅसमधल्या मुख्य घटकाला, मिथेनला, ५४० च्या पुढे लागतात. त्यात १५०० आरपीएमला इंजिनाची एक फेरी ४० मिलिसेकंदांत होते. तेवढ्या अवधीत मिथेन भरवशाने आपोआप पेटत नाही. पेटवणारं दुसरं काहीतरी हवंच: डिझेलची बारीक फवारणी किंवा ठिणगी. फवारणी ठेवली की दुहेरी, ठिणगी आणली की पूर्ण गॅस.

दुहेरीत इंजिन उघडावं लागत नाही. एअर फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये मिक्सर बसतो, तिथून हवेबरोबर गॅस आत जातो. गॅस जळायला लागला की फेरे वाढू पाहतात, फेरे कायम ठेवणारा गव्हर्नर आपणहून पंपाचा रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारी पट्टी) मागे ओढतो आणि डिझेल कमी होतं. तुमच्या मेकॅनिकल पंपावर हे छान जमतं. गॅस संपला, दाब पडला किंवा सेन्सरने बंद केला, तर गव्हर्नर पुन्हा डिझेल देतो आणि जनरेटर चालूच राहतो. वर्कशॉपसाठी ही फार मोठी सोय आहे.

पण ‘नव्वद टक्के डिझेल वाचवतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि परत पाठवा. साध्या किटवर पन्नास ते सत्तर टक्के हा प्रामाणिक आकडा आहे, तोही मधल्या लोडला. लोड तीस टक्क्यांच्या खाली असेल तर सिलिंडरमधलं मिश्रण इतकं पातळ असतं की बराच गॅस न जळताच धुराड्यातून बाहेर जातो. अशा वेळी गॅस बंदच असायला हवा. ऐंशी टक्क्यांच्या वर गेलात की मिश्रण दाट होतं, ठोका (मिश्रण अवेळी आपोआप पेटून बसणारा हादरा) सुरू होतो, आणि तिथे गॅस कमी करावा लागतो. कंट्रोलर लोड बघून गॅस कमी-जास्त करणारा हवा. हाताने उघडायच्या कॉकवर चालणारं किट मी कुठल्याही किमतीला बसवणार नाही.

एक गोष्ट कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. इंजेक्टरचं टोक डिझेलच्या प्रवाहानेच थंड राहतं. डिझेल फार कमी केलंत की टोक तापतं, भोकांवर कार्बन बसतो, फवारणी बिघडते, आणि मग इंजिन नुसत्या डिझेलवर चालवलं तरी काळा धूर काढतं. म्हणून मी तीस टक्क्यांच्या खाली डिझेल जाऊ देत नाही. इंजेक्टरही नुसत्या डिझेलवाल्या इंजिनापेक्षा लवकर उतरवून टेस्ट बेंचवर तपासतो.

पूर्ण गॅसचं काम वेगळ्या जातीचं आहे. दाब साडेसतरावरून साडेअकराच्या आसपास आणावा लागतो, नाहीतर ठोका पिस्टन फोडतो. एक लिटरचा सिलिंडर धरा. साडेसतराला वरची मोकळी जागा साधारण ६१ घनसेंटिमीटर असते, साडेअकराला ती ९५ हवी. म्हणजे प्रत्येक पिस्टनच्या डोक्यातली वाटी ३४-३५ घनसेंटिमीटरने मोठी करायची. लेथवर हे करताना वरच्या रिंगच्या खोबणीजवळ धातू किती उरतो ते बघावं लागतं आणि सहाही पिस्टनांचं वजन परत जुळवावं लागतं. काही जण पिस्टनला हात न लावता जाड हेड गॅस्केट घालून मोकळे होतात. कृपा करून ते करू देऊ नका. पिस्टन आणि हेडमधली फट वाढते, हवेला मिळणारी घुसळण जाते, ज्योत हळू पसरते आणि कडेचं मिश्रण ठोका द्यायला मोकळं राहतं.

इंजेक्टरच्या जागी प्लग येतो, पंप निघतो, प्रत्येक सिलिंडरला कॉइल, हवेच्या वाटेत थ्रॉटल आणि तो हलवायला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर. प्लगची फट पेट्रोल गाडीपेक्षा कमी, साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, कारण दाबाखाली ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. डिझेल टर्बो इंजिनाच्या कॅमशाफ्टमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात, म्हणजे हवेने सिलिंडर धुऊन निघावा. तीच वेळ गॅसमध्ये ठेवली तर ताजं मिश्रण सरळ सायलेन्सरमध्ये जातं. पैसे वाया जातात, आणि सायलेन्सरात ते पेटलं तर स्फोट होतो.

सगळ्यात जास्त इंजिनं कशाने गेली, असं विचारलंत तर मी उष्णता आणि व्हॉल्व्ह सीट (मिटलेला व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) ही दोनच नावं घेईन. पूर्ण लोडला डिझेलचं एक्झॉस्ट साधारण ५०० अंशांच्या आसपास असतं. हवा-गॅस बरोबर प्रमाणात जाळणाऱ्या इंजिनात ते ७०० च्या घरात जातं. डिझेलच्या काजळीचा एक बारीक थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये गादीसारखा असतो. गॅस कोरडा, त्यात काजळी नाही, वंगण नाही, वरून ही आच. मऊ सीट हळूहळू खाली बसते.

एका बर्फाच्या कारखान्यात मी स्वतः हे भोगलंय. इंजिन सुंदर चालत होतं, धूर नाही, आवाज मऊ, मालक खूश. हेडमध्ये कठीण सीट घालायचा खर्च त्यांनी नको म्हटला आणि मी तो आग्रहाने घालायला लावला नाही. नऊशेच्या आसपास तास झाले आणि एका सकाळी दोन सिलिंडरना कॉम्प्रेशनच मिळेना. व्हॉल्व्ह सीटमध्ये इतके आत गेले होते की टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागाच्या मध्ये, फटच उरली नव्हती, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हते आणि कडा जळून गेल्या होत्या. ऐन उन्हाळ्यात त्यांचं उत्पादन बंद पडलं. तेव्हापासून पूर्ण गॅसच्या प्रत्येक इंजिनाला मी एक वही लावतो: दर २५० तासांनी टॅपेटची फट मोजायची, लिहायची, मगच परत जुळवायची. फट दर वेळी कमी होताना दिसली की सीट बसतेय हे चार महिने आधीच कळतं. न लिहिता नुसतं टॅपेट जुळवणारा मेकॅनिक हाच पुरावा दर वेळी पुसून टाकत असतो.

ऑइलचंही तसंच. डिझेलचं ऑइल काजळी धुण्यासाठी बनवलेलं असतं, त्यात राख देणारी रसायनं जास्त. गॅस इंजिनात ती राख पिस्टनच्या डोक्यावर बसते, निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. पूर्ण गॅसला कमी राखेचं गॅस इंजिन ऑइलच घाला, ते महाग असलं तरी. दुहेरीत काजळीही असते आणि आचही जास्त, म्हणून तिथे मी डिझेलचंच चांगलं ऑइल ठेवतो आणि बदलायचे तास कमी करतो.

आता तुमच्या वर्कशॉपकडे. तुमच्याकडे वेल्डिंग आहे, कॉम्प्रेसर आहे, क्रेन आहे, म्हणजे लोड दर मिनिटाला वरखाली होतो. डिझेल इंजिन असा झटका पचवतं, कारण डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं. गॅस इंजिनाला मिक्सरपासून सिलिंडरपर्यंतची सगळी वाट नव्या मिश्रणाने भरावी लागते. एकदम मोठी मोटार लागली की फ्रिक्वेन्सी कोसळते. गॅस इंजिनावर लोड पायऱ्यापायऱ्यांनी टाकतात, एका वेळी वीस-तीस टक्के. शिवाय टर्बो नीट जुळवला नाही तर ताकद उतरते. बरोबर प्रमाणाच्या मिश्रणात गॅस स्वतःच साडेनऊ टक्के जागा व्यापतो, तेवढी हवा कमी येते. चोवीस तास एकसारखं चालणारं शीतगृह असतं तर मी पूर्ण गॅसचा विचार करा म्हटलं असतं. तुमच्यासाठी, तास पुरेसे असतील तर, दुहेरीच.

झटक्याचा उलटा धोकाही लक्षात घ्या. क्रेन थांबली आणि लोड एकदम पडला, तर गव्हर्नर डिझेल तोडतो, पण नळीत भरलेला गॅस अजून आत येतच असतो. फेरे उसळतात. म्हणून गॅस तोडणारा व्हॉल्व्ह इंजिनाच्या अगदी जवळ हवा, आणि ओव्हरस्पीडला हवाच बंद करणारी झडपही हवी. मिक्सर टर्बोच्या आधी असल्यामुळे टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतची नळी पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेली असते, त्यामुळे ज्योत मागे जाऊ न देणारा फ्लेम अरेस्टरही सोडायचा नाही. गॅस ट्रेनमध्ये, म्हणजे इंजिनाआधीच्या गॅसच्या जोडणीत, फिल्टर, दोन सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारे व्हॉल्व्ह) आणि रेग्युलेटर असावा. दोन सोलेनॉइड यासाठी की एक अडकला तर दुसरा बंद होईल. एकच दाखवणारं कोटेशन परत करा.

खोलीसाठी: नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. एलपीजी खाली बसतो, म्हणून ज्यांना एलपीजीची सवय आहे ते डिटेक्टर जमिनीजवळ लावतात. इथे तो छताजवळ हवा, आणि छताखाली हवा खेळायला मोकळी जाळी. हवेत पाच ते पंधरा टक्के गॅस झाला की तो पेटू शकतो. मीटरच्या पुढची लाइनसुद्धा गॅस कंपनीच्या मंजुरीनेच टाका. दाब किती मिळणार आणि तासाला किती घनमीटर मंजूर होणार, हे किट घेण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या. घरगुती लाइनचा २१ मिलिबार आणि कारखान्याच्या लाइनचा दाब वेगवेगळे असतात, आणि मिक्सर-रेग्युलेटरची निवड त्यावरच ठरते.

प्रदूषणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. काजळी कमी होते हे डोळ्यांना दिसतं. कार्बन डायऑक्साइडही घटतो: एक मेगाज्यूल उष्णतेमागे डिझेल साधारण ७४ ग्रॅम देतं, नैसर्गिक गॅस ५५-५६. पण न जळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. आकडेमोड केलीत तर तीन-साडेतीन टक्के गॅस न जळता निसटला की हवामानाच्या बाजूने झालेला सगळा फायदा संपतो, आणि कमी लोडला दुहेरी इंजिन याहून जास्त सहज सोडतं. म्हणूनच तीस टक्के लोडखाली गॅस बंद, हा माझा हट्ट आहे. दिल्ली परिसरात हवा गुणवत्ता आयोगाने डिझेल जनरेटरना दुहेरी इंधन किंवा धूर गाळणारं उपकरण अशा अटी घातल्या आणि तिथे ही किटं धडाधड बसली. इंजिनं वीस टक्के लोडवर चालवून कागदोपत्री गॅस दाखवणं हे त्या हवेशीही अप्रामाणिक आहे आणि त्या इंजिनाशीही.

टेम्पोचं उत्तर लहान आहे: करू नका. गाडीच्या इंधनात बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते, आणि किट त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त असावं लागतं. ती चाचणी आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी. साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला दहा किलोच्या आसपास सीएनजी बसतो, म्हणजे दहा-अकरा लिटर डिझेलची मजल, आणि त्यासाठी पन्नास-साठ किलोचं लोखंड कायम वाहायचं. कॉमन रेलची (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची) नवी गाडी असेल तर तिच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, आणि धुराच्या फिल्टरला हा बदल समजतच नाही. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशानंतर डिसेंबर २००२ पर्यंत शहराच्या डिझेल बस सीएनजीवर गेल्या. त्या धावपळीत जुन्या बस बदलूनही बघितल्या गेल्या, आणि भरवशाच्या ठरल्या त्या कारखान्यातूनच सीएनजीवर निघालेल्या. भावाला सांगा, टेम्पो विकून कंपनीचा सीएनजी टेम्पो घे.

तुमच्या इंजिनासाठी, पैसे देण्याआधी एवढं करून घ्या. महिनाभर अवर मीटर आणि किलोवॅटची नोंद ठेवा, दर तासाला एकदा, म्हणजे लोड कुठे असतो ते दिसेल. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) बघा. सहा हजार तासांच्या इंजिनात रिंगा गेल्या असतील तर गॅस ऑइल चेंबरमध्ये उतरेल, तेव्हा आधी ओव्हरहॉल, मग किट. प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) लावून नुसत्या डिझेलवर पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर टक्के लोडचं तापमान वहीत लिहा. किट बसल्यावर तेच आकडे परत घ्या आणि शेजारी मांडा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पन्नास अंशांनी वर गेला, तर बसवणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका. आधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर उतरवायला लावा.